आर्वो संध्याकाळी येईल

डेट्रॉइट
९ ऑक्टोबर १९६६

हेल्मे,

पोचले. वाऱ्यामुळे बस पुलाच्या अलीकडे अडकून पडली होती. वॉल्टरने मी नसताना रोज डब्यातलं सूप खाल्लं आणि भांडी माझ्यासाठी जपून ठेवली. मोरीत.

निघताना जे बोलायचं होतं ते अंगणात चार माणसांत बोलता आलं नाही. फोनवर तर बोलायची सोयच नाही. तुमची ती एक तार पाच घरांत फिरते. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत शेजारच्या लेम्पी रुओनाचा श्वास ऐकू येतो. म्हणून पत्र. तूही पत्रच लिही.

आर्वोसारखा मेहुणा मला पुन्हा मिळायचा नाही. सगळा जन्म झाडं तोडण्यात गेला त्याचा, आणि मारलं कुणी, तर शेजारच्या झाडात अडकून राहिलेल्या एका सुक्या फांदीने. मी विचार करते आणि डोकं सुन्न होतं. तुझं काय होत असेल!

पण एक सांगते, रागावू नकोस. ओल्ली पापा आर्वोचे वडील, तुझे नव्हेत. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, सकाळचं दुपारी आठवत नाही, पायात बूट घालायचे की हातात हे तू सांगायचं. तुला मूलबाळ नाही, हाताशी कुणी नाही. दोन गाई, चुलीची लाकडं, पुढे सहा महिने बर्फ. काउंटीचं वृद्धांचं घर काही वाईट नाही. विचार कर.

ख्रिसमसला मी येते. तोवर खात जा.

तुझी
इर्मा


साल्मी
१३ नोव्हेंबर १९६६

इर्मा,

पापांना घरातून काढायचं पुन्हा लिहू नकोस. आर्वोच्या मागे या घरात आर्वोसारखं खोकणारं एवढंच माणूस उरलंय.

ते तसे त्रास देत नाहीत. लाकडं रचतात, पाडतात, पुन्हा रचतात. फक्त विचारतात, ‘आर्वो कुठंय?’ पहिल्यांदा मी खरं सांगायचे. ‘पापा, आर्वो गेला. जंगलात. अंगावर फांदी पडली.’ ते चमचा खाली ठेवायचे. माझ्याकडे बघत राहायचे. मग म्हणायचे, ‘आणि मला कुणी कळवलं नाही?’ उठून काळा कोट शोधायला लागायचे, अंत्यविधीला जायचं म्हणून. कोटाची एक बाही घालून होईतो विसरायचे. जेवायला बसले की पुन्हा तेच. ‘आर्वो कुठंय?’ इर्मा, ती फांदी एकदाच पडली. मी मात्र त्याला रोज मारत होते, सकाळी, दुपारी, आणि झोपताना.

मागच्या सोमवारी तोंडून निघून गेलं, ‘जंगलात गेलाय, पापा. संध्याकाळी येईल.’ म्हणाले, ‘मग त्याचा मासा झाकून ठेव. मांजर टपलंय.’ आणि दोनदा सूप मागून घेतलं. मी मासा झाकून ठेवला. सकाळी मांजराला घातला. तेव्हापासून रोज हेच चाललंय. पाप आहे का गं हे?

झोप लागत नव्हती. लेम्पीला सांगितलं, तर तिने एप्रनखालून ब्रँडीची बाटली काढली! चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी लेम्पी! म्हणते, ‘कॉफीत चमचाभर. हे पिणं नव्हे, औषध आहे.’ औषध लागू पडलंय. चमच्याने छातीतला दगड थोडा बाजूला सरकतो, तेवढ्या फटीतून मी झोपून जाते.

ख्रिसमसचं पक्कं ना? वरची खोली तापवायला आधी दोन दिवस लागतात.

हेल्मी


डेट्रॉइट
४ डिसेंबर १९६६

हेल्मे,

उत्तराला उशीर झाला. इथे जरा गडबड होती. अक्षराला हसू नकोस, हाताला लचक भरलीय.

पापांशी खोटं बोललीस ते बरंच केलंस. ज्याला आठवणच राहत नाही त्याला दुःख कशाला द्यायचं? देवही अशा खोट्याकडे कानाडोळा करतो. बोलत राहा.

दुसरी गोष्ट सांगायला जीव होत नाही. ख्रिसमसला यायला जमत नाही. वॉल्टरला कारखान्यातून सुटी नाही, आणि एकटीने एवढा बसचा प्रवास या थंडीत मला झेपणार नाही. का, ते विचारू नकोस. वय झालं म्हण. लोकर पाठवतेय, पापांना मोजे कर.

आणि त्या औषधाचं. काले मामा आठवतो ना? त्याचीही सुरुवात दाढदुखीच्या औषधानेच झाली होती. शेवटी आईने त्याला गवताच्या गंजीतून ओढून काढला, तेव्हा तोंडात दाढच काय, दातही नव्हता. आपल्या रक्तात ती वाट आहे, हेल्मे. चमचा म्हणजे चमचाच ठेव.

इर्मा


साल्मी
१८ डिसेंबर १९६६

इर्मा,

येत नाहीस तर नाही. मी काय समजत नाही का? वॉल्टरला सांग, त्याचा कारखाना त्याच्याशिवाय एक आठवडा चालला असता.

इथलं ऐक. काल पाद्री आले होते. मी आलुबुखाराचं सारण भरून मैद्याच्या चांदण्या भाजल्या होत्या, नाताळच्या. पापांनी सगळ्या चांदण्यांच्या पोटातला आलुबुखार बोटाने काढून खाल्ला आणि पोकळ चांदण्या ओळीने मांडून ठेवल्या. पाद्रीबुवांनी त्यातली एक घेतली, कोरडीच चावली, ‘छान झालीय’ म्हणाले. पापा त्यांना म्हणतात, ‘पोरा, तू कुणाचा? काम मिळालं का कुठं?’ पाद्री म्हणाले, ‘मिळालंय, चर्चमध्ये.’ पापा म्हणाले, ‘हरकत नाही, वसंतात जंगलात भरती होते.’ मी किती दिवसांनी हसले. हसताना आर्वोच्या खुर्चीकडे बघितलं. तोही हसत असणार असं वाटलं. खुर्चीवर मांजर होतं.

औषधाची काळजी नको. ती बाटली संपली आणि दुसरी आणली नाही.

मोजे सुरू केलेत. नाताळ सुखाचा जावो.

हेल्मी


साल्मी
२० डिसेंबर १९६६

इर्मा,

काल पाद्री आले होते. चांदण्या भाजल्या होत्या आलुबुखाराच्या. पापांनी सगळं आतलं खाऊन टाकलं, इतकी लाज वाटली मला. पाद्रींना विचारतात काम आहे का. पाद्री काही बोलले नाहीत. माझ्याकडेच बघत होते. का बघत होते? मी काय केलं? नंतर पापा रडत बसले. की मी रडत होते.

तू येतेयस ना? तुझी खोली तापवायला घेतलीय. बसथांब्यावर टॉय्वोला पाठवते, लेम्पीच्या नवऱ्याला. लवकर ये गं.

हेल्मी


डेट्रॉइट
८ जानेवारी १९६७

हेल्मे,

तुझी दोन पत्रं एकाच दिवशी आली. दोन्हींत पाद्री, दोन्हींत चांदण्या. पहिल्यात तू हसतेस, दुसऱ्यात कोण रडतंय तेच तुला ठाऊक नाही. पहिल्यात मी येणार नाही म्हणून रुसतेस. दुसऱ्यात माझी खोली तापवतेस. शेवटच्या ओळी तर कागदावरून घसरत खाली गेल्यात.

सरळ विचारते. पितेस का? चमच्याने नव्हे, पितेस का?

मी रागावलेली नाही. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, देव जाणे. पण घरात तुझ्या भरवशावर एक म्हातारं लेकरू आहे. चुलीत निखारे असतात, बाहेर बर्फ असतं. तू झोपलीस की त्याला कोण बघतं? लेम्पीला सांग. नाहीतर मला लिहायला सांग, मी तिला लिहिते. ‘चार दिवस पापांना घेऊन जा,’ एवढंच तर म्हणायचंय. त्यात कमीपणा कसला?

उलट टपाली लिही. पिऊन नको, सकाळी लिही.

इर्मा


साल्मी
जानेवारी

बाईसाहेब,

डेट्रॉइटात बसून नाक वर करून विचारतेस पितेस का. हो पिते. माझ्या नवऱ्याची शवपेटी पाहिलीस, कॉफी प्यालीस, आठ दिवसांत परत फिरलीस तुझ्या गरम नळाच्या घरी. ख्रिसमसला नवऱ्याला सुटी नाही म्हणे. तुझा नवरा आहे ना जिवंत? मग त्याला घट्ट धरून बस आणि मला शिकवू नकोस. तुला काय ठाऊक, कूस बदलली की गादीचा तो भाग कसा लागतो. थंड लागतो, बर्फापेक्षा थंड.

तू कधीच कुणासाठी काही केलं नाहीस. आई गेली तेव्हाही मीच होते. काले मामाचं नाव काढतेस! काले मामा चांगला होता. प्यायला तरी माणसात राहून प्यायला. तू प्यायल्याशिवायच दगड आहेस.

मला पत्र लिहू नकोस. तू मेलीस मला.

हेल्मी हाकोला, आर्वोची बायको


साल्मी
१९ फेब्रुवारी १९६७

इर्मा,

ख्रिसमसपासून तुझं पत्र नाही. तब्येत बरी ना? माझं काही चुकलं का? मला तर नाताळानंतर काही लिहिल्याचं आठवत नाही. मोज्यांच्या मागे होते. एक झालाय. दुसऱ्याची टाच चुकते, उसवते.

थंडी यंदा फार आहे. गाईंची पाण्याची बादली गोठ्यातसुद्धा गोठते. पापा बरे आहेत. हल्ली संध्याकाळी खिडकीशी उभे राहतात, आर्वोची वाट बघत. काचेवरचं हिम बोटाने खरवडून भोक पाडतात, त्यातून बघतात. ‘आज उशीर झाला त्याला,’ म्हणतात. मी म्हणते, ‘येईल.’

चार ओळी तरी पाठव.

हेल्मी


डेट्रॉइट
२६ फेब्रुवारी १९६७

हेल्मे,

तू मला जानेवारीत पत्र लिहिलंस. काय लिहिलंस ते मी इथे उतरवत नाही. मी ते चुलीत घातलं. वाचून मला लागलं होतं ते खरं. पण तुला ते आठवतही नाही, हे वाचून मी घाबरलेय. पत्र लिहून, पाकीट चिकटवून, तिकीट लावून, बर्फातून टपालपेटीपर्यंत चालत जाऊन आलेली बाई ते विसरते, तर आणखी काय काय विसरत असेल?

आता मी तुला विचारत बसत नाही. याच टपालाने लेम्पीला लिहितेय, की पापांना आपल्या घरी घेऊन जा. तुला राग आला तर येऊ दे. मेलेली बहीण आणखी किती मरणार?

मोज्याची टाच राहू दे. पापांना आता खिडकीशी उभं राहू देऊ नकोस.

इर्मा


साल्मी
१२ मार्च १९६७

इर्मा,

तुझं पत्र आलं तेव्हा बैठकीच्या खोलीत पापांची शवपेटी होती.

मी सगळं लिहिते. शुद्धीत लिहितेय. हात हलतोय, तो पिऊन नाही, न प्याल्यामुळे. कदाचित हे पत्र पुरं होईपर्यंतच टिकेन.

तीन तारखेला, शुक्रवारी दुपारी पापांना माशाचं सूप दिलं. त्यांनी विचारलं, आर्वो कुठंय. मी म्हटलं, संध्याकाळी येईल. मग मी गोठ्यात गेले. बाटल्या गाईंच्या खाण्याच्या ओटच्या पिंपात असायच्या. लेम्पीच्या त्या एका बाटलीनंतर मी गावाबाहेरच्या दुकानातून आणत होते, ट्रक चालवत, तोही कशी चालवत होते देव जाणे. आधी कॉफीतून प्याले. मग कॉफीशिवाय. बाकावर आडवी झाले तेव्हा उन्हं होती. पापा खिडकीशी होते. ‘आज फारच उशीर झाला,’ म्हणाले. मी उत्तर दिलं की नाही, आठवत नाही.

सकाळी दारावर थापा. टॉय्वो. बर्फ सारायची गाडी घेऊन तो पहाटे रस्त्यावर निघाला होता. आत आला. टोपी डोक्यावरच होती. म्हणाला, ‘हेल्मी, गाई ओरडतायत. दूध काढलं नाहीस का काल?’ मी म्हटलं, काढते. मग म्हणाला, ‘ओल्ली घरात आहेत का?’

मी म्हटलं, ‘आहेत की. झोपलेत.’

त्याने टोपी काढली.

त्याला सगळं माहीत होतं. त्यानेच त्यांना पाहिलं होतं, जंगलातून लाकूड आणायच्या रस्त्याच्या तोंडाशी, ओंडक्यांच्या राशीवर बसलेले. जंगलाकडे तोंड करून. बूट उलटसुलट पायांत. एका पायात मी केलेला मोजा, दुसऱ्यात नुसतं फडकं. मांडीवर रुमालात बांधलेला पाव आणि मासा. झाकून ठेवलेला. आर्वोला भूक लागली असेल म्हणून, इर्मा. मुलाला जेवण घेऊन गेले होते.

टॉय्वोला वाटलं असेल, मला आधी घरात बसवून सांगावं. आणि मी त्याच्या तोंडावर म्हणाले, झोपलेत. जाऊन बघितलंही नाही आधी.

शेरीफचा माणूस आला. म्हातारे होते, भरकटले, असं म्हणाला. कुणी मला एक शब्द बोललं नाही. लेम्पीने वेलचीचा वेणीचा पाव आणला. पाद्रींनी माझा हात धरून प्रार्थना म्हटली. एकाने तरी थोबाडीत मारायला हवी होती. तुझं पत्र वाचून लेम्पी चुलीपाशी मटकन बसली. तिचंही त्याच दिवशी आलं होतं. ‘मीच दिली गं पहिली बाटली,’ म्हणत राहिली. मी म्हटलं, ‘तू चमचा सांगितला होतास, लेम्पी.’

अंत्यविधीनंतरच्या कॉफीतसुद्धा मी ओतून घेतली. हेही लिहायला हवं.

आता घरात कुणी काही विचारत नाही.

हेल्मी


डेट्रॉइट
२० मार्च १९६७

हेल्मे,

थोबाडीत मी मारणार नाही. ‘खोटं बोललीस ते बरंच केलंस, बोलत राहा,’ हे कुणी लिहिलं होतं? शहाणीने. कॉफीचा कप हातात घेऊन, सातशे मैलांवरून.

ओल्ली पापांना मातीत ठेवताना मी तिथे नव्हते. ख्रिसमसलाही नव्हते. का, ते तुला आता सांगते. तेव्हा सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, पण तुझ्यावर आधीच एवढं कोसळलं होतं, त्यात माझं कुठे घालू म्हणून गप्प बसले. नोव्हेंबरात माझी उजवी छाती कापून काढली. गाठ होती. लचक वगैरे काही नव्हती. उजव्या काखेत उशी घेऊन, दुखत दुखत ते पत्र लिहिलं होतं. वॉल्टर त्या दिवसांत सुटी घेऊन घरीच होता. नंतर यंत्राखाली किरणं घ्यायला महिनाभर रोज जात होते. आता डॉक्टर म्हणतात, बघू. डॉक्टरांचं ‘बघू’ तुला माहीत आहेच.

तू दया दाखवावीस म्हणून लिहीत नाही. आपण दोघी एकमेकींना सुखरूप ठेवण्यासाठी गप्प राहिलो आणि दोघी एकट्या पडलो, म्हणून लिहितेय.

इकडे ये. गाई टॉय्वोकडे सोड आणि बस धर. मला खरंच कुणीतरी हवंय. हात खांद्याच्या वर जात नाही, केस वॉल्टर विंचरतो आणि घोड्याला खरारा करावा तसा करतो. पण एक अट आहे. कोरडी ये. पिऊन आलीस तर मला सांभाळायची ताकद नाही, हेल्मे. खरंच नाही.

इर्मा


साल्मी
२३ एप्रिल १९६७

इर्मा,

येते म्हणून कळवलं आणि आले नाही. तू बसथांब्यावर थांबली असशील. वॉल्टरलाही घेऊन आली असशील. मला माफ करू नकोस.

तुझं पत्र आल्यापासून मी थांबवलं होतं. शपथेवर. घाम यायचा, भिंतीवर मुंग्या दिसायच्या, लेम्पी शेजारी बसून स्तोत्रं वाचायची, इतकी वाईट वाचते की मुंग्याच निघून गेल्या. मग खाणं जायला लागलं. केस धुतले. पेटी भरली. तुझ्यासाठी मऊ गळ्याचा स्वेटर घेतला, उजव्या बाजूने सैल. टॉय्वोने बसथांब्यावर सोडलं. बस यायला वेळ होता. मी म्हटलं, तू जा, तुला कामं आहेत. तो गेला.

रस्त्यापलीकडे गुत्त्याचं दार उघडं होतं. मी स्वतःला सांगितलं, इर्माची छाती कापली आणि तिने मला कळवलं नाही. मग सांगितलं, मी तिथे जाऊन तिला मारून टाकेन, पापांसारखं. मग काहीच सांगितलं नाही आणि रस्ता ओलांडला.

बसचा ड्रायव्हर तरुण होता, सभ्य होता. ‘आई,’ म्हणाला, ‘आज नको. उद्या या.’ मला आई म्हणाला. मी त्याला काय शिव्या दिल्या त्या मला थोड्या आठवतात. बाकीच्या बसमधल्या लोकांना आठवत असतील. पेटी तिथेच राहिली. स्वेटरही.

टॉय्वो पुन्हा आला न्यायला. अंगणात गाडी थांबवून एवढंच म्हणाला, ‘हेल्मी, मी आता आणखी कुणाला बर्फातून उचलणार नाही. माझी पाठ गेलीय.’

मला तुझ्याकडे येता येणार नाही. तू चांगली मदतनीस शोध.

हेल्मी


डेट्रॉइट
२ मे १९६७

हेल्मे,

हो, थांबले होते. बसमधली सगळी माणसं उतरली, ड्रायव्हर उतरला, तरी वॉल्टर म्हणे, मागच्या सीटवर झोपली असेल. आत जाऊन बघून आला. मग आम्ही घरी आलो आणि तुझ्यासाठी केलेलं मटण दोघांनी खाल्लं. मी रडत रडत खाल्लं, पण खाल्लं.

मदतनीस कसली शोधते? मी माणूस मागितलं होतं का, की बहीण?

मी अट घातली ती चुकली. ‘कोरडी ये’ म्हणजे काय, बूट पुसून ये म्हणावं तसं मी लिहिलं. हे एकटीने होत नाही म्हणतात. इथे आमच्या रस्त्यावर एक माणूस आहे, तो दारूतून सुटलाय. तो म्हणाला, आधी दवाखाना. तुमच्याकडेही मोठ्या गावात तसा वॉर्ड आहे. मी टॉय्वोला लिहिलंय. तू हो म्हण. नेतील ते.

आणि मग मी येते. माझा एक हात वर जात नाही, तुझे दोन थरथरतात. दोघी मिळून एका बाईचं काम होईल की नाही? गाईची धार काढायला जमलं नाही तर गाय सांगेल.

इर्मा


४ जून १९६७

इर्मा,

दवाखान्यातून लिहितेय. इथे नखाएवढी पेन्सिल देतात, म्हणून अक्षर असं.

पहिल्या दिवसांचं लिहीत नाही. मला बांधून ठेवलं होतं, एवढं कळलं. आता जेवते. माझ्या शेजारच्या खाटेवर एक खाणकामगाराची बायको आहे, तोंडाने तिखट. आम्हाला गोल करून बसवतात आणि का प्यायला लागलात ते सांगायला लावतात. मी सांगितलं, नवरा गेला. ती म्हणाली, ‘नशीबवान आहेस. माझा जिवंत आहे, म्हणून पिते.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही, बोलत राहिली.

पापांचंही सांगितलं. सांगायलाच हवं होतं. कुणी ‘तुझी चूक नव्हती’ म्हणालं नाही. मला बरं वाटलं. चूक होती. ती आता माझ्याजवळच राहील, आणि तिला बुडवायला माझ्याकडे काही नाही.

पण एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. इर्मा, इथे सगळे म्हणतात, बरी होतेयस. आणि मला दर सकाळी जास्त दुखतं. कालपर्यंत दारूखाली जे दडलं होतं ते वर यायला लागलंय. आर्वो कसा चालायचा. कुऱ्हाडीला धार लावताना जीभ कशी बाहेर काढायचा. मला वाटायचं, आठ महिने मी त्याचं दुःख करतेय. ते मी केलंच नव्हतं. तो आत्ता कुठे गेलाय. लोक मातीवरचं गवत बघून परत गेले आणि माझ्या घरी मात्र मयत आज आहे.

डॉक्टर म्हणतात, याच महिन्यात घरी सोडतील. त्या घरी. पिऊ का नको, याचं उत्तर मला रोज सकाळी द्यायचंय म्हणे, आणि उद्याचं आज देता येत नाही. मी वचन देत नाही तुला. आधी दिलेल्या वचनांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

येतेस म्हणालीस ना? ये. वॉल्टरला सांग, सावकाश चालव. तुझी खोली लेम्पी तापवेल, नाहीतरी जून आहे, तापवायचं काही नाही; खिडकी उघडली की झालं. तुझे केस मी विंचरेन. हात थरथरले तर ओढले जातील, ओरडू नकोस.

आणि आल्या आल्या मला धीर देऊ नकोस. ‘होईल सगळं ठीक’ म्हणू नकोस. कुणी गेलं की बायका येतात ना घरी, काही न बोलता नुसत्या शेजारी बसतात, तशी बस. माझा नवरा गेलाय.

हेल्मी